सात पाण्यांनी धुतलेला कोळसा

तुमचा विश्वास कोणावर असतो? समोर बसून हात जोडून बोलणाऱ्या माणसावर, की वहीत शाईने लिहिलेल्या ओळीवर?

उत्तर घाईने देऊ नका. मी पानांचा व्यापारी. शाळा चौथीत सुटली, पुढचं शिक्षण टोपल्यांनी दिलं. एकदा एका गोड बोलणाऱ्या गृहस्थाने मला विड्याच्या पानांची टोपली विकली. वरची पानं अशी, की पाहुण्यापुढे तबकात ठेवावीत. खाली हात घातला तर सगळा चिखल. तेव्हापासून मी माणसाच्या तोंडाकडे बघायचं सोडलं. टोपलीच्या तळातलं पान काढतो आणि त्याचा देठ मोडतो. ताजा देठ कट्कन मोडतो, शिळा नुसता वाकतो. माणसाला असा देठ नसतो, ही पंचाईत. आणि वहीलाही नसतो, ही त्याहून मोठी पंचाईत. ती मला एका मळ्याच्या दारात कळली. त्या दिवशी मी जितका भ्यालो तितका धंद्यात बुडताना कधी भ्यालो नाही.

एकदा एक वृद्ध जाणकार होता. पानमळ्यांच्या त्या मुलखात सगळे त्याला अण्णा म्हणत. वय ऐंशीच्या पुढे, एका डोळ्यात मोतीबिंदू. पण दुसऱ्या डोळ्याने वेलीकडे बघून तो तिचं दुखणं सांगायचा. त्याच्या हाताखाली शिकून कित्येकांनी स्वतःचे मळे केले. अखेरचा शिष्य तिशी ओलांडलेला, सडपातळ, कमालीचा टापटीप. पाणी पिण्याआधी तांब्या उपडा करून बघणारा. अण्णा त्याला चेष्टेने म्हणायचे, "तुला जर देवानं आंबा दिला ना, तर तू आधी देवाला हात धुतलेस का विचारशील."

या शिष्याला एक थोरली बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. नवरा गेलेला, पदरी दोन मुली आणि वीस गुंठ्यांचा पानमळा. त्याच मळ्यावर घर चाले, दुसरं काही नव्हतं. तिच्या मळ्याखाली आणखी सहा मळे होते आणि सगळ्यांना मिळून एकच पाट. पाणी आधी आक्काच्या वेलींतून जाणार, मग उताराने एकेका शेजाऱ्याकडे. पाणी एक म्हटल्यावर रोगही एक. म्हणून तिथं एक रीत होती. प्रत्येक मळ्याच्या खोपीत एक वही टांगलेली असे. काय घातलं, कधी घातलं, पाणी केव्हा दिलं, ते तीत लिहायचं, आणि ती कोणाही शेजाऱ्याने केव्हाही येऊन वाचायची. कोणी कोणाला विचारायचं नाही, वही बघायची.

पानमळा आत जाऊन पाहिला नसेल तर सांगतो. भर उन्हात आत शिरलं तरी अंधारल्यासारखं वाटतं. शेवरीच्या उंच काठ्यांवर वेली चढलेल्या, वर पानांचं छत, खाली गार ओल. लोक तिथं देवळात वागावं तसे वागतात. चपला बाहेर, पाय धुतल्याशिवाय आत पाऊल नाही, खरकट्या हाताने वेलीला शिवायचं नाही. आणि घाण वासाची वस्तू आत न्यायची नाही, ही सगळ्यांत कडक रीत.

आक्काच्या मळ्याची माती हलकी होती. खत घातलं की आठ दिवस वेली हिरव्या, नवव्या दिवशी पुन्हा फिक्या. घातलेलं सगळं पाणी ओढून नेत असे. अण्णांनी माती मुठीत धरून सोडली आणि म्हणाले, "चाळणीत दूध ओततीयास, आक्का. या मातीला धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे."

त्यांनी गुऱ्हाळाच्या चुलाणातला लाकडाचा कोळसा मागवला. राख व्हायच्या आत पाणी मारून विझवलेला. त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे केले. पण मळ्यात घातले नाहीत. पलीकडच्या पडीक रानात धनगरांची मेंढरं बसत, तिथं पसरून ठेवले. महिनाभर दोनशे मेंढरं रोज त्या कोळशावर बसली. महिन्याने तो गोळा केला तेव्हा त्याला असा उग्र वास होता, की टोपलीवर वाकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

तेव्हा मळ्यांत उतरणीचे दिवस होते. वाढलेली वेल काठीवरून खाली उतरवतात, बुंध्याशी गुंडाळतात, तिच्यावर नवी माती घालतात, आणि तिथून तिला नवी मुळं फुटतात. अण्णा शिष्याला म्हणाले, "या मातीत कोळसा मिसळ. वेलीला दोन ओंजळी. आणि नीट ऐक, याला पाणी लावू नकोस. आहे असा घाल."

लगतच्या मळ्याचा नेमगोंडा कुंपणापाशी उभा होता. नाकाला उपरणं लावून म्हणाला, "अण्णा, कोळसा उगाळावा तितका काळाच. ह्यो तर मेंढरांच्या मुतातला! आमच्या डोक्यावर काय सोडताय?"

"जबाबदारी माझी," अण्णा म्हणाले. "वहीत लिहून ठेवतील. तू येऊन वाच."

शिष्याने टोपली उचलली आणि मळ्याच्या दारापर्यंत आला. तिथं त्याचे पाय थांबले. आत जाववेना. ज्या दारातून तो स्वतः अंघोळीशिवाय कधी गेला नव्हता, त्या दारातून ही दुर्गंधी न्यायची? अण्णांचा शब्द मोडायचा त्याचा विचार नव्हता. त्याला वाटलं, कोळसा घालायचा तर घालू, पण स्वच्छ करून घालू. कोळसा तोच ना? विहिरीमागे मोरीचं पाणी जिथं वाहून जातं, तिथं बसून त्याने तो धुतला. एका पाण्याने वास जाईना. दुसऱ्याने जाईना. सात पाण्यांनी चोळून धुतला, पत्र्यावर आठ दिवस कडक उन्हात वाळवला. मग एक तुकडा नाकाशी नेला. वास नाही. बोटाला डागही नाही. तो समाधान पावला आणि दोन-दोन ओंजळी मोजून त्याने प्रत्येक वेलीला कोळसा घातला.

वहीत लिहिताना क्षणभर त्याचा हात अडखळला. मग त्याने लिहिलं: 'अण्णांनी दिलेला कोळसा, दिल्याप्रमाणे, उतरणीच्या मातीत घातला.'

दिल्याप्रमाणे. हा एक शब्द. फसवण्यासाठी त्याने लिहिला नव्हता, त्याला फक्त बोलणी खायची नव्हती. मी धंद्यात पुष्कळ वह्या चाळल्या आहेत. त्यांतल्या खोट्या ओळी लिहिणारे बहुतेक असेच भले लोक होते.

पाच आठवडे गेले. एका सकाळी आक्का आत गेली आणि उभ्या जागी थबकली. वेलींची खालची पानं पिवळी पडली होती. एका ओळीची नव्हे, चार ओळींची. दुसऱ्या दिवशी नऊ ओळी. तिसऱ्या दिवशी मोजायला कोणी आत गेलंच नाही.

पानमळ्याच्या गावात 'मर' हा शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत. बायका तर त्याचं नावच घेत नाहीत, 'ती आली' म्हणतात. मुळं आतून कुजतात, वेल पिवळी पडते, माना टाकते, आणि रोग पाण्याबरोबर खालच्या मळ्यात उतरतो. काही वर्षांपूर्वी तिथल्याच एका मळेकऱ्याने दोन दिवस लपवलं होतं. पंधरवड्यात खालचे पाच मळे गेले. त्याच्या बायकोशी पुढे विहिरीवर कोणी बोलेना, अखेर ते कुटुंब गाव सोडून गेलं. तेव्हापासून नियम झाला. मर दिसली, की पाटाच्या पुढच्या पाळीआधी सगळा मळा तोडून जाळायचा. माती उकरून बघायची नाही, कारण उकरली की पसरते, असा समज. आणि पहिली वेल मालकाने स्वतःच्या हाताने तोडायची.

त्या दिवशी पाटाची पाळी दुपारी तीनला होती. मी पानं घ्यायला म्हणून सकाळीच पोहोचलो. दाराशी पंधरा-वीस माणसं उभी, सगळ्यांच्या हातांत कोयते. उंबऱ्यावर चुन्याची जाड रेघ. मी सवयीने एकाच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, तर तो माणूस दचकून मागे सरकला. कोणी कोणाला शिवत नव्हतं. कोणी खाली बसत नव्हतं. नेमगोंडा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "शेठ, आल्या पावली परत जा. तुमच्या टोपल्यांनासुद्धा लागंल."

तेवढ्यात आतून एक आवाज आला. ओला, छोटा. कोयत्याचा.

आक्काने पहिली वेल तोडली होती. पूर्वेच्या कोपऱ्यातली, तिच्या नवऱ्याने मळा धरला तेव्हा लावलेली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसतीच उभी राहिली, कोयता खाली न ठेवता. तिच्या मागे शिष्य होता. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. धुतलेल्या कापडासारखा पांढरा.

अण्णा कोणाच्या तरी फटफटीवर मागे बसून आले. पाय धुतले, आत गेले, दहा-बारा वेली चाचपल्या, बाहेर आले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"वही आण," अण्णा शिष्याला म्हणाले. "तूच वाच. मला बारीक अक्षर दिसत न्हाई."

शिष्याने वाचलं. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा.

"दिल्याप्रमाणे घातलास?"

"व्हय, अण्णा."

"पाणी नव्हतं लावलं?"

किंचित उशिराने उत्तर आलं. "न्हाई, अण्णा."

अण्णांनी सुस्कारा सोडला. "मग मरच म्हणायची. सुरुवातीला भुकेली वेल आणि आजारी वेल सारखीच पिवळी दिसते. पण तसा कोळसा पोटाशी असताना वेल भुकेली राहायची न्हाई. खायला असून जी पिवळी पडते ती आजारी. वही खरी असंल तर मळा जाळला पाहिजे."

शिष्याच्या जिभेवर एक वाक्य होतं. ते बोलल्याने मळा वाचू शकेल हे त्या बिचाऱ्याला माहीतच नव्हतं. उलट त्याला वाटत होतं, आपण आज्ञा मोडली म्हणूनच हे अरिष्ट आलं, सात पाण्यांनीही ती घाण पुरती गेली नाही आणि आपण ती बहिणीच्या मळ्यात पेरली. बोललो तर वीस माणसांसमोर, हातात कोयता घेतलेल्या आक्कासमोर उघडे पडू, एवढंच त्याला कळत होतं. भीती माणसाला मुकं करते आणि वर पटवते, की आता बोलून उपयोग काय!

माणसं आत शिरायला निघाली. "थांबा," अण्णा म्हणाले, "हात धुऊन येतो." आणि विहिरीमागे मोरीकडे गेले.

ते लवकर येईनात. मी डोकावलो. मोरीच्या कडेला अळू माजलं होतं आणि म्हातारा त्याच्यापुढे उभा होता, एक पान उताणं करून, एक डोळा बारीक करून बघत. हात धुतलेच नव्हते. मग धोतराचा सोगा पसरून त्यांनी पानं खुडायला सुरुवात केली. भरला सोगा घेऊन परत आले आणि सगळा ढीग आक्कापुढे ठेवला.

"आक्का, चूल पेटव. अळूची पातळ भाजी कर, चिंच जरा हात सोडून घाल. समद्यांना वाढ. जेवूनच कामाला लागू."

 नेमगोंडा फुटलाच. "अण्णा, तीनला पाट सुटतोय! हितं आमचा जीव टांगणीला लागलाय आन् तुम्हाला अळू सुचतंय?"

"उपाशी माणसानं कोयता धरू नये, नेमगोंडा. हात चुकतो."

त्यांचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती. पण ते जेवण! माणसं हातभर अंतर ठेवून बसली. कोणी मान वर करीना. ऊन डोक्यावर आलं, मग कलायला लागलं. जो तो पानातल्या भाकरीपेक्षा खोपीच्या सावलीकडे बघत होता. सावली जितकी लांब, पाळी तितकी जवळ. मी घास गिळत होतो, पण चव सांगा म्हणाल तर सांगता येणार नाही.

अण्णा मात्र चाटूनपुसून जेवले. म्हणाले, "आक्का, दरसाल एवढंच होतंय का गं हे अळू?"

"छे," आक्का म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकला. "तळहाताएवढी पानं असायची. औंदाच सुपाएवढी झाली. का कुणास ठाऊक."

"खत कुणी घातलं?"

"मोरीच्या अळवाला कोण खत घालतंय, अण्णा?"

नेमगोंडाला पाटाशिवाय काही सुचत नव्हतं. तरी तो कुरकुरला, "नीट शिजलंय ना? खाजरं अळू घसा धरतं."

"चिंच पडलीय," अण्णा शांतपणे म्हणाले. "अळू कुणाचा घसा धरायचं न्हाई. आता ज्याचा धरला असंल, त्याचं कारण दुसरं."

त्यांनी शिष्याकडे पाहिलं नाही. पण मी पाहिलं. त्याच्या हातातला घास तसाच होता. मग तो घास पानात पडला.

"अण्णा," तो म्हणाला, "मी धुतला कोळसा. त्या मोरीवर. सात पाण्यांनी. वहीत खोटं लिहिलं."

नेमगोंडा ताडकन उठला. "आरं, तीन दिस झाले! माझ्या घरात तीन दिस चूल न्हाई पेटली! आन् तू..."   आक्काने मान वळवून पूर्वेच्या कोपऱ्याकडे पाहिलं.

अण्णा उठले. सरळ त्या कोपऱ्यात गेले, तोडलेल्या वेलीच्या बुंध्याशी बसले आणि दोन्ही हातांनी माती उकरू लागले. मागून ओरडा झाला, "उकरू नका! अण्णा, उकरू नका!" लोक चुन्याच्या रेघेमागे पळाले. खोटं का बोलू, मीही पळालो.

म्हातारा एका ढेकळासह उठला आणि आमच्यासमोर त्याने मूठ उघडली. मुळं होती. पांढरीशुभ्र, केसासारखी, जिवंत. एका कोळशाच्या तुकड्याला त्यांनी चहूबाजूंनी वेढलं होतं. अण्णांनी ते नेमगोंडाच्या नाकाशी धरलं. नेमगोंडाने आधी श्वास रोखला. किती रोखणार? शेवटी घेतला.

"कशाचा वास येतोय?"

"मातीचा," तो पुटपुटला. "नुसता मातीचा."

"कुजलेलं मूळ शेणखतापरीस घाण मारतं. हे निरोगी हाय." मग ते शिष्याकडे वळले. रागावले नव्हते. त्याचंच त्याला जास्त भय वाटलं असावं.

"बाळा, कोळसा म्हणजे धर्मशाळा. एकेका तुकड्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या हजार खोल्या. मातीत कोट्यवधी जिवाणू हायत, त्यांना रिकाम्या खोल्या दिसल्या की ते मुक्कामाला येतात. नव्या कोळशाच्या अंगावर जे थोडं जळकं सत्त्व असतं त्यावर त्यांची वस्ती वाढते. पण तेवढ्यानं त्यांचं अंग भरत न्हाई, अंगाला नत्र लागतं. ते धर्मशाळेच्या कोठीत नसंल तर ते शेजारच्या घरात शिरतात आणि ताटातलं उचलतात. ते ताट तुझ्या वेलीचं. कोळसासुद्धा भुकेला असला की मातीतलं नत्र स्वतःला चिकटवून घेतो. मेंढरांनी महिनाभर ती कोठी भरून दिली होती. जो वास तुझ्या डोळ्यांत जात होता ना, तेच नत्र हवेत उडत होतं. तू घाण धुतली असं तुला वाटलं. तू कोठी धुतलीस. ती मोरीत गेली आणि अळवानं खाल्ली."

"मग कोळसा उपसून काढतो, अण्णा. आजच काढतो."

"खबरदार! मुळं तोडशील. आणि मुक्कामाला आलेल्यांना हाकलायचं नसतं, जेवू घालायचं असतं. लेंडीखताचं पाणी कर, तांब्या-तांब्यानं दे. आधी त्यांची पोटं भरतील. पुढं ते मरतील, नवे होतील, आणि घेतलेलं थोडं थोडं करून वेलीला परत देतील. मग हीच धर्मशाळा खत धरून ठेवंल. आज पाणी जेवढं ओढून नेतं तेवढं नेऊ द्यायची न्हाई."

"आन् तुमचं चुकलं तर?" नेमगोंडा म्हणाला. त्याचा आवाज मऊ झाला होता, पण भय तसंच होतं.

"चुकू शकतं," अण्णा म्हणाले. "एका मुळावरून मी साऱ्या मळ्याची हमी देत न्हाई. आजची पाळी आक्काचा मळा वगळून बाहेरनं न्या. पंधरा दिवस ती घागरीनं पाणी घालंल. एक जरी वेल माना टाकायला लागली, तर मी स्वतः काडी लावतो."

ते पंधरा दिवस त्या सात घरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. रोज उजाडलं की कुंपणाशी डोकी दिसत. आत जायला कोणी धजत नसे. आक्का आणि शिष्य घागरी वाहत होते, एकमेकांशी एक शब्द न बोलता. आधीची पिवळी पानं गळून पडली, ती पुन्हा हिरवी झाली नाहीत. रोज पानं गळायची आणि रोज कुंपणावर कुजबुज व्हायची, की ती आलीच बघा, म्हातारा भुलला. सहाव्या दिवशी नेमगोंडा कोयत्याला धार लावून आला आणि दिवसभर दारात बसून राहिला. त्याला दोष देता येत नाही. त्याचीही मुलं त्याच पाटावर जगत होती.

बाराव्या दिवशी शेंड्यांना नवी पानं फुटली. गडद, जाड, तेल लावल्यासारखी. वेल माना टाकत नव्हती, वर चढत होती. पंधराव्या दिवशी नेमगोंडाने स्वतःच्या हाताने पाट आक्काच्या मळ्यात वळवला आणि पाणी आत शिरताना तिथंच मटकन खाली बसला. मी तोंड दुसरीकडे वळवलं. पुरुषाला रडताना बघू नये, अशी आमच्याकडे रीत आहे.

त्या संध्याकाळी आक्काने खोपीतली वही काढली आणि भावापुढे ठेवली. पंधरा दिवसांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"लिही."

त्याने 'दिल्याप्रमाणे' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'सात पाण्यांनी धुऊन'. खाली सही केली. वही मिटायला लागला.

"अजून एक राहिलंय."

"काय, आक्का?"

"पूर्वेच्या कोपऱ्यातली वेल. निरोगी होती. तोडली. कुणी तोडली ते पण लिही."

 त्याने लिहिलं, 'मी तोडली.'

आक्काने वाचलं. "कोयता माझ्या हातात होता," ती म्हणाली.

"पण वही माझ्या हातात होती, आक्का."

 आक्का शाई वाळेपर्यंत थांबली. मग वही पुन्हा खुंटीला टांगली, कोणाही शेजाऱ्याचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर.

आता तुमच्याकडे हात जोडून एकच मागणं. तुमच्या वहीत, मग ती दुकानाची असो, शेताची असो, की नुसती मनातली, घातलेलं जसं लिहिता तसं धुऊन टाकलेलंही लिहा. चूक झाली तर चुकीसकट लिहा. हिशेब प्रामाणिक ठेवा, कारण तुमच्या एका ओळीवर विसंबून दुसरं कोणीतरी कोयता उचलत असतं.